स्वादुपिंडाजवळची गाठ: दुर्बिणीतून की पोट उघडून?

कोल्हापूरच्या भुदरगड-राधानगरीकडचा पेशंट माझ्या दवाखान्यात येतो तो बहुतेकदा काविळीचं पाल्याचं औषध घेऊन झाल्यावरच. पोटात दुखत नाही, पण अंगभर खाज, ओरबाडून सोललेले दंड आणि मातकट-पांढरी शी. सिटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी किंवा पित्तनळीच्या तोंडाशी गाठ निघते, पुण्या-मुंबईचा सर्जन ऑपरेशन सांगतो आणि घरचे फाइल घेऊन परत येतात. "डॉक्टर, दुर्बिणीतनं होतंय तर पोट कशाला उघडायचं?"

प्रश्न रास्त आहे. मी आधी गाठ कुठं आहे ते बघतो.

गाठ शेपटीकडे, म्हणजे प्लीहेच्या बाजूला असेल, तर दुर्बिणीकडे माझा सरळ कल आहे. तिथं भाग काढून टाकायचा असतो, आतडी जोडत बसावं लागत नाही. नेदरलँड्समधल्या 2019च्या अभ्यासात असे पेशंट दुर्बिणीनंतर 4 दिवसांत सावरले, पोट उघडल्यावर 6 दिवसांत. प्लीहा काढावी लागणार असेल तर न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्या. गडबडीत हे राहून जातं.

डोक्याकडची गाठ हे वेगळंच प्रकरण. व्हिपल ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा असं सगळं निघतं आणि मग स्वादुपिंड, पित्तनळी, जठर हे तिन्ही आतड्याला नव्यानं जोडायचे असतात. जीवाला घोर लावतो तो स्वादुपिंडाचा जोड. तिथून रस झिरपला तर आजूबाजूची रक्तवाहिनी कुरतडली जाऊन आठवड्या-दोन आठवड्यांनीही रक्तस्राव होऊ शकतो. बाहेर पाच-सहा भोकं असोत की वीतभर छेद, आतला जोड तोच असतो.

दुर्बिणीचे फायदे खरे आहेत. जखम कमी दुखते, पिकण्याची आणि पुढं हर्निया होण्याची भीती कमी, पेशंट लवकर उठून चालतो. कोइम्बतूरच्या 2017च्या अभ्यासात दुर्बिणीवाले साधारण 7 दिवसांत घरी गेले, उघड्या ऑपरेशनचे 13 दिवसांत. पण ते वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या एकाच केंद्रातले, 64 पेशंट होते. नेदरलँड्समध्ये चार केंद्रांनी 99 पेशंटवर हीच तुलना केली, ती मध्येच थांबवावी लागली. दुर्बिणीच्या 50 जणांपैकी 5 जण गुंतागुंतीमुळे 90 दिवसांत दगावले, उघड्या ऑपरेशनच्या 49 पैकी 1. एवढ्या थोड्या पेशंटवर हा योगायोगही असू शकतो, पण माझ्या घरचं माणूस असतं तर मी हा आकडा नजरेआड केला नसता. पुढं 2021मध्ये चीनमधल्या 656 पेशंटच्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. तिथल्या प्रत्येक सर्जननं आधी शंभरावर व्हिपल दुर्बिणीतून केलेली होती, आणि मुक्कामातला फरक मात्र एकाच दिवसाचा, 15 विरुद्ध 16.

म्हणून डोक्याकडच्या गाठीसाठी माझं मत असं: असा हात बसलेला सर्जन मिळत नसेल तर पोट उघडूनच करून घ्या आणि त्यात काही कमी पडलं असं मनात आणू नका. गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली असेल तर बहुतेक सर्जन स्वतःच उघडं ऑपरेशन सुचवतात. दुर्बिणीनं सुरू करून मध्येच पोट उघडलं तर ते अपयश नव्हे, सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय आहे.

सर्जनना तोंडावर विचारा, संकोच नको: वर्षाला व्हिपल किती करता? दुर्बिणीतून आजवर किती केलीत? त्यात पोट किती वेळा उघडावं लागलं? रात्री दोनला रक्तस्राव झाला तर अँजिओग्राफी करून, म्हणजे रक्तवाहिनीत बारीक नळी घालून, तो थांबवणारा डॉक्टर रुग्णालयात येतो का? मला स्वतःला हा शेवटचा प्रश्न भोकांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर कोणती पद्धत मंजूर होते हे आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा. आणि पुण्यात झालं तर डिस्चार्जच्या दिवशीच कोल्हापूरची गाडी धरू नका. सव्वादोनशे किलोमीटरवर ताप चढला किंवा पोटाला लावलेल्या नळीतून लाल पाणी आलं तर परत पोचायला चार-पाच तास जातात. पाहुण्यांकडे किंवा धर्मशाळेत आठवडाभर तिथंच राहा, पहिली तपासणी झाली की निघा.