लूप, ब्लूटूथ आणि जीपीएस एकत्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

रस्त्यातले लूप (वरून गाडी गेल्याचं ओळखणारी, रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी), कडेचे ब्लूटूथ रीडर आणि गाड्यांमधला जीपीएस जोडून वेग आणि प्रवासवेळ काढणारी यंत्रणा काही महिने रोज वापरल्यावर मत पक्कं झालंय: डेटा जोडण्याच्या गणितापेक्षा जोडण्याआधीची साफसफाई जास्त महत्त्वाची.

सिंगल लूप वेग मोजतच नाही. किती गाड्या गेल्या आणि लूप किती वेळ व्यापलेला होता, एवढंच त्याला कळतं. लेनमधून तासाला १२०० गाड्या, व्याप्ती २० टक्के आणि गाडी अधिक लूप अशी सरासरी लांबी ६ मीटर धरली, तर वेग ताशी ३६ किमी. रात्री ट्रक वाढून ती लांबी ९ मीटर झाली, तर त्याच आकड्यांतून खरा वेग ५४ निघतो. स्क्रीनवर मात्र ३६ आणि लाल पट्टी. म्हणून ही लांबी लेननुसार आणि वेळेनुसार वेगळी ठेवा. रिकाम्या रस्त्यावर ‘गाडी नाही’ याची नोंद शून्य वेग म्हणून होत नाही ना, हेही पाहा. पहाटेच्या खोट्या कोंड्या बहुधा तिथूनच येतात.

तोच फोन दोन रीडरवर कधी कधी दिसला यावरून ब्लूटूथ थेट प्रवासवेळ देतं, पण रीडरचा पल्ला शंभरेक मीटर असतो. गाडी त्यात नेमकी कुठे पकडली गेली ते कळत नाही, त्यामुळे १ किमीच्या टप्प्यावर चूक मोठी दिसते. २ किमीच्या पुढे ती सुसह्य होते. वाटेत थांबलेल्या गाड्यांचा परिणाम टाळायला सरासरीऐवजी मध्यक वापरा. भरलेल्या बसमधले वीस फोन म्हणजे वीस गाड्या नव्हेत; पहिल्या रीडरवर एकत्र आणि दुसऱ्यावरही एकत्रच दिसलेला फोनचा गठ्ठा एकच गाडी धरा.

वेगांची साधी सरासरी तर नकोच. ६ किमीच्या टप्प्यावर एक गाडी ३० ने, दुसरी ६० ने गेली, तर सरासरी ४५ धरून ८ मिनिटं येतात; प्रत्यक्षात १२ आणि ६, म्हणजे सरासरी ९.

जोडणीत खरा फरक पडला तो ट्रायबर-हेल्बिंग पद्धतीच्या फिल्टरने, म्हणजे वाहतुकीतले बदल कोणत्या दिशेने सरकतात ते धरून मोजमापांमधल्या जागा भरणाऱ्या गणिताने. कोंडी साधारण ताशी १५ किमीने मागे सरकते, म्हणजे ५०० मीटर मागच्या लूपपर्यंत २ मिनिटांत पोचते. मोकळ्या वाहतुकीतला बदल मात्र गाड्यांबरोबर पुढे जातो. फिल्टर दोन्ही दिशांनी डेटा पसरवतो, त्यामुळे दोन लूपच्या मधलं रांगेचं शेपूट नीट दिसतं. साध्या इंटरपोलेशनमध्ये (दोन मोजमापांमधली किंमत सरळ अंदाजाने भरण्यात) तिथे नुसते ठिपके उमटायचे. जीपीएसचे मोजके बिंदूही इथेच सर्वाधिक कामी येतात.

एक उणीव उरतेच. या क्षणाचे वेग जोडून काढलेली वेळ रांग वाढताना कमी आणि ओसरताना जास्त येते. पडताळणी करताना ब्लूटूथच्या वेळा निघण्याच्या क्षणाशी जुळवा. पोचण्याच्या क्षणाशी जुळवल्या, तर चांगला अंदाजही चुकीचा ठरतो.