वेल्श, ब्रनाख, वॉल्श : आयर्लंडच्या जुन्या जनगणनेत पाच महिने

आयर्लंडची १९२६ ची जनगणना २०२६ च्या १८ एप्रिलला सगळ्यांसाठी खुली झाली. मोजणी झाली ती १८ एप्रिल १९२६ च्या रविवारी. घराघरातले तक्ते शंभर वर्षं कुणाला दाखवायचे नाहीत असा नियम, म्हणून बरोब्बर शंभराव्या वर्षी, त्याच तारखेला कुलूप निघालं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर सगळं फुकट आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणना तिथे आधीपासूनच होत्या. मी तिन्हींमध्ये मिळून पाच महिने घालवले. त्याबद्दल लिहा, असं दोघातिघांनी सांगितलं, म्हणून हे.

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन आयर्लंडला आले. घराणं शोधायचं होतं ते सासूबाईंच्या आईचं. त्या बाई मेयो काउंटीतल्या स्विनफर्डजवळच्या एका वाडीतल्या. सासूबाई ७४ वर्षांच्या. संगणकाशी त्यांचं वैर आहे, पण स्मरणशक्ती खणखणीत. त्यामुळे माउस माझ्या हातात आणि आठवणी त्यांच्या, अशी जोडी जमली.

पहिली गोष्ट सांगते, कारण हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पाच आठवडे वाचले असते. नाव टाकून शोधत बसू नका. जागा धरा. घराण्याचं आडनाव वॉल्श. मेयोत वॉल्श म्हणजे आपल्याकडे पाटील. नाव टाकलं की पानंच्या पानं येतात, आणि त्यातही पॅट्रिक, मायकल, मेरी, ब्रिजेट एवढीच नावं फिरून फिरून. शेवटी नावाचा नाद सोडला आणि काउंटीतून विभागात, विभागातून टाउनलँडमध्ये उतरले. टाउनलँड म्हणजे आपली वाडी समजा. देशभरात साठ हजारांवर आहेत आणि एकेका नावाच्या बऱ्याच आहेत, म्हणून काउंटी आणि विभाग दोन्ही जुळायला हवेत. वाडी सापडली की तिथली सगळी घरं एकामागून एक उघडायची. वीस-पंचवीस घरं असतात, एका संध्याकाळचं काम. एक लक्षात ठेवा, तक्त्यावरचा घर क्रमांक हा पत्ता नव्हे. मोजणारा ज्या क्रमाने फिरला तो क्रम, आणि तो दर मोजणीत बदलतो. शेजारी मात्र बदलत नाहीत. मी दोन्ही बाजूंचे शेजारी लिहून ठेवले होते, त्यांच्यावरूनच आपलं घर ओळखलं.

१९०१ च्या तक्त्यात आडनाव होतं ‘वेल्श’. तिकडे उच्चारच तसा करतात. १९२६ मध्ये ‘वॉल्श’. १९११ मध्ये मात्र घरच नाही! शेजारी जागेवर, मधलं घर गायब. मी समजले, गेली असतील मंडळी अमेरिकेला. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. “माझे आजोबा त्या घरातून कुठे हलले नाहीत,” हे एकच वाक्य त्यांनी तीन आठवडे लावून धरलं.

घर तिथेच होतं. तक्ता आयरिश भाषेत भरला होता, आणि वॉल्शचं आयरिश रूप आहे ब्रनाख. १९११ च्या सुमारास भाषेच्या अभिमानापोटी बऱ्याच घरांनी तक्ते आयरिशमध्ये भरले. त्या काळच्या आयरिश लिपीत काही व्यंजनांच्या डोक्यावर टिंब असतं. मी मराठी शाळेतली, टिंब दिसलं की अनुस्वारच वाचणार. एक आख्खी संध्याकाळ मी त्या आडनावात नसलेला न शोधत होते. ते टिंब म्हणजे ‘एच’. रोमन अक्षरांत ब्रनाख लिहिताना दोन ‘एच’ येतात, इथे त्यांच्या जागी दोन टिंबं. मग पुरावा कसा मिळाला? घराच्या वर्णनाचा तक्ता वेगळा असतो, बी-१ म्हणतात त्याला, आणि तो पोलीस शिपाई भरायचा. त्याने इंग्रजीत सरळ वॉल्श लिहून ठेवलं होतं. म्हणून म्हणते, घरच्यांचा तक्ता पाहून थांबू नका. मागचे कागदही उघडा. आणि कुठल्याही सूचीवर आंधळा विश्वास नको. शंभर वर्षांपूर्वीचं हस्ताक्षर वाचून केलेल्या यादीत चुका राहणारच. मूळ तक्त्याचं चित्र समोर असतं, ते डोळ्यांनी वाचायचं.

बी-१ वर माझा फार जीव आहे. भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर स्लेटचं की गवताचं, खोल्या किती, आणि दर्शनी बाजूला खिडक्या किती. या सगळ्याला गुण द्यायचे आणि बेरजेवरून घराचा वर्ग ठरवायचा. आमचं घर तिसऱ्या वर्गात. दगडी भिंती, गवती छप्पर, समोर दोन खिडक्या. पुढच्या तक्त्यात गोठा, डुकरांची खोपटी, कोंबड्यांचं खुराडं हेही मोजलेलं. आमच्याकडे गोठा होता आणि खुराडं होतं. सासूबाईंना गोठ्याचं काही नवल वाटलं नाही, पण खुराडं बघून त्या हरखल्या. अंडी विकून आलेले पैसे बायकांचे, त्यात पुरुषांनी हात घालायचा नाही, असं त्यांची आजी म्हणायची म्हणे.

आता वयाची गंमत. घरात एक म्हातारी आहे, सासूबाईंच्या पणजोबांची आई. १९०१ मध्ये वय ५८. १९११ मध्ये ७२. दहा वर्षांत बाई चौदा वर्षांनी म्हातारी झाली. आधी वाटलं, माणूसच वेगळं. मग कळलं, हा प्रकार देशभर आहे. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पेन्शन सुरू झालं, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये, म्हणजे या म्हाताऱ्यांकडे दाखला असणं शक्यच नव्हतं. मग १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत नाव शोधायचं, नाहीतर ६ जानेवारी १८३९ चं ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणतात ते वादळ आठवतंय असं सांगायचं. आमच्या म्हातारीने नेमकं काय सांगितलं ते कळायला मार्ग नाही, पण १९११ चं ७२ मागे नेलं तर १९०९ मध्ये बरोब्बर ७० भरतं. सासूबाई खो खो हसल्या. “आमच्याकडची हुशारी तिच्यापासूनची दिसते.” तेव्हा वय पाच-सात वर्षं इकडेतिकडे दिसलं म्हणून माणूस रद्द करू नका.

१९०१ च्या मागे जाऊ म्हणाल, तर मात्र डोकं भिंतीवर आपटावं लागतं. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच मोजणीनंतर नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगदा करायला गेले. १८२१ ते १८५१ चे बहुतेक सगळे ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागाराबरोबर जळाले, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात. १९२१ ची मोजणी स्वातंत्र्ययुद्धामुळे आयर्लंडमध्ये झालीच नाही. म्हणून १९११ नंतर एकदम १९२६, आणि म्हणूनच या नव्या कागदांचं इतकं कौतुक. उलट पेन्शनसाठी जुन्या जनगणनेतून जे उतारे काढले होते त्यांतले बरेच वाचले आहेत. म्हाताऱ्यांनी पाच शिलिंगांसाठी अर्ज केले आणि जळालेल्या पुस्तकांतल्या चार ओळी मागे राहिल्या. जळालेलं जमेल तेवढं परत जोडायचा एक मोठा प्रकल्प २०२२ पासून ऑनलाइन आहे, व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी नावाचा. मला तिथे आमच्या कामाचं काही मिळालं नाही, पण रविवारची दुपार छान गेली.

१९२६ ची मर्यादाही सांगायला हवी. हे कागद फक्त तेव्हाच्या आयरिश मुक्त राज्याचे, म्हणजे २६ काउंटींचे. लोकसंख्या भरली होती २९,७१,९९२, १९११ पेक्षा कमी. उत्तरेतल्या सहा काउंटींचे त्या वर्षीचे तक्ते शिल्लकच नाहीत. सासूबाईंची एक आत्या डेरीत दिली होती, तिचा माग तिथेच संपला.

पैशाचं म्हणाल तर मूळ काम फुकटात होतं. जनगणना फुकट आणि जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या सरकारी नोंदींची पानं आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर फुकट. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं, पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू. कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून ऑनलाइन ठेवली आहेत. अक्षर गिचमिड आणि नावं लॅटिनमध्ये, पण आहेत. तरी मी घाई केली आणि पहिल्याच महिन्यात एका पैसेवाल्या साइटची ‘चाचणी’ घेतली. चौदा दिवसांनी आपोआप वर्षाची वर्गणी कापली गेली. तक्रारीला उत्तर आलं ते यंत्राने लिहिलेलं. तिथे जे मिळालं त्यातलं नव्वद टक्के वर सांगितलेल्या फुकट जागांवर होतंच. आधी फुकटचं सगळं संपवा, मग कार्ड काढा. आणि लॅपटॉपवर बसा. फोनवर दोन बोटांनी तक्ता मोठा करता करता माझी मान आठवडाभर धरली होती.

एक गोष्ट खास आपल्या वाचकांसाठी. १९०१ आणि १९११ च्या तक्त्यांत जन्मस्थान म्हणून आयर्लंडमधली सहसा फक्त काउंटी लिहिलेली असते, गाव नाही. पण बाहेर जन्मलेल्यांपुढे कधी कधी ‘इंडिया’ असतं. ब्रिटिश फौजेत असंख्य आयरिश होते आणि त्यांची पोरं पुणे, खडकी, देवळाली अशा छावण्यांत जन्मली. त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. मुंबई इलाख्याचा गठ्ठा शोधायचा असेल तर त्याची खूण एन-३. शेजारच्या काकांचे खापरपणजोबा आम्ही तिथूनच लावले. जन्म पुण्याचा! तेव्हापासून काका मला गावकरी समजतात.

उलट आपल्या बाजूने असा शोध घेऊ पाहाल तर हा रस्ता बंद आहे. १९४८ च्या आपल्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे घराघरातल्या नोंदी कुणालाच पाहता येत नाहीत, शंभर वर्षांनीही नाही. “आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या वराडकरांचं मालवणातलं गाव सगळ्या देशाला ठाऊक आहे, तुझ्या पणजोबांचं सांग,” असं सासूबाई मला चिडवतात. मी म्हणते, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत असेल.

आता ज्या रकान्यासाठी हे सगळं लिहायला बसले, तो. १९११ च्या तक्त्यात विवाहित बाईला तीन प्रश्न होते. लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. पणजीपुढे आकडे होते २२, ९, ६. सासूबाईंना सहा माहीत होती, नावानिशी. नऊचा आकडा त्यांनी पहिल्यांदा पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, “हे सहाचंच नऊ झालं असेल.” मी चित्र मोठं केलं. नऊच होतं.

मृत्यूच्या नोंदींत दोघं सापडली. एक तीन वर्षांची मुलगी, डांग्या खोकला. एक अकरा दिवसांचा मुलगा. खबर देणाऱ्याच्या रकान्यात दोन्हीकडे बापाच्या नावापुढे फुली. त्याला लिहिता येत नव्हतं. (१९११ चा आयरिश तक्ता मग कुणी भरला? आमचा अंदाज, पंधरा वर्षांच्या मुलाने, म्हणजे सासूबाईंच्या आजोबांनी. शाळेत आयरिश लिहायला शिकले होते.) तिसऱ्या बाळाची ना जन्माची नोंद, ना मृत्यूची. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या बाळांना तेव्हा चर्चच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. शेताच्या कडेला, जुन्या गढीच्या आत, अशा ठिकाणी पुरत. किलीन म्हणतात त्याला, आणि मेयोत अशा जागा खूप आहेत. मी हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वरच्या शेतातल्या झुडपाच्या कोपऱ्यात आजोबा नांगर घालू द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, भुतांना भितात.”

१९२६ चा तक्ता त्यानंतर उघडला. १९११ मध्ये त्या घरात आठ माणसं होती, १९२६ मध्ये चार. म्हातारी गेलेली, पणजोबा गेलेले, आजोबांची भावंडं इंग्लंड-अमेरिकेला. उरली विधवा पणजी, मुलगा, सून आणि एक मुलगी, वय ७. मी म्हटलं, ही कोण? सासूबाईंच्या आईचा जन्म तर १९२५ चा. दोन दिवस मी आणखी एक मेलेली बहीण शोधत होते. १९२६ च्या तक्त्यात वय वर्षं आणि महिने अशा दोन घरांत लिहितात, आणि ७ दुसऱ्या घरात होता. सात महिने. सासूबाईंची आई.

गेल्या आठवड्यात दोघी मेयोला जाऊन आलो. वाडीत आता सहा घरं आहेत, आपलं घर गोठा झालंय, छपरावर पत्रा. मी बी-१ छापून नेला होता. सासूबाईंनी काठीने दर्शनी भिंत दाखवली आणि मोठ्याने मोजलं. एक खिडकी उघडी होती. दुसरी कुणीतरी दगड लावून बुजवलेली, पण चौकट दिसत होती. “दोन,” त्या म्हणाल्या, आणि वरच्या शेताकडे चालू लागल्या.