चियांग माईत पन्नास मीटर सरळ पाणी

मी पोहायला शिकले मामांच्या विहिरीत, वाळवा तालुक्यात. पाठीला पांगऱ्याचा बिंडा, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावर मामांच्या हातात. "पाय हाण, पाय हाण, डोस्कं वर धर," एवढंच शिकवणं. एके दिवशी मामांनी न सांगता दोर सोडला आणि मी समोरच्या पायरीला जाऊन लागले. तेव्हापासून पोहणं म्हटलं की मला पायाखाली खोल आणि समोर मोकळं पाणी लागतं. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच मापाने मोजलेलं आहे.

उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरात मी एका शाळेत गणित शिकवते. इथे आल्याच्या दुसऱ्या वर्षी गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी चालणं कमी करून पोहायला सांगितलं. मला आनंदच झाला, कारण आमच्या इमारतीत टँक होता. पण तो जेमतेम बारा मीटर लांब, मध्येच वळलेला, आणि संध्याकाळी त्यात फुगवलेल्या गाद्यांवर माणसं पहुडलेली. एक किलोमीटर पोहायचं तर बारा मीटरच्या टँकमध्ये त्र्याऐंशीपेक्षा जास्त फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला भिंतीवर दुखरा गुडघा दाबून वळावं लागतं. पन्नास मीटरच्या टँकमध्ये हेच अंतर वीस फेऱ्यांत होतं.

मग मी हॉटेलं धुंडाळली. एकाने दिवसाचे चारशे बाथ सांगितले, त्यात टॉवेल आणि सरबत धरून. मला सरबत नको होतं. आठवड्यातून तीनदा गेलं तरी महिन्याला पाच हजारांच्या आसपास, म्हणजे माझ्या घरभाड्याचा मोठा तुकडा. शिवाय तिथला टँकही फोटो काढण्यासाठीच बांधल्यासारखा, कडेला आरामखुर्च्या आणि मध्ये कंबरभर पाणी. परदेशातून आलेला माणूस इंग्रजीत शोधतो तेव्हा त्याच्यासमोर नेमकं हेच येतं. सरकारी टँक इंग्रजीत जाहिरात करत नाहीत. त्यांना गरज नसते, त्यांच्याकडे गावातली माणसं येतातच.

मला वाट दाखवली आमच्या ग्रंथालयातल्या पीने. इथे वयाने मोठ्या सहकाऱ्याला 'पी' म्हणतात, आपल्याकडच्या ताई-दादासारखं. तिने कागदावर थाईत तीन शब्द लिहून दिले. उच्चार 'स वाय नाम'. 'वाय' म्हणजे पोहणं, 'नाम' म्हणजे पाणी. पहिला 'स' लिहिताना त्यात 'र' असतो, बोलताना तो गळतो, आणि त्याचं मूळ आपल्या सरोवरातल्या 'सरस्'मध्ये आहे. हे कळलं तेव्हा मला फार जवळचं काही सापडल्यासारखं वाटलं. 'सनाम कीला' म्हणजे क्रीडांगण, त्यातला 'कीला' म्हणजे आपली क्रीडाच. तुम्हाला थाई लिहिता येत नसेल तर फोनवर 'पोहण्याचा तलाव' असं मराठीत टाकून थाई भाषांतर घ्या आणि ते नकाशात चिकटवा. जे ठिपके इंग्रजी शोधात दिसत नव्हते ते असे दिसायला लागतात. थायलंडमध्ये कुठेही राहत असाल तर आधी एवढं करा. बहुतेक प्रांतांच्या मुख्य शहरात एक सरकारी क्रीडासंकुल असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यात टँकही असतो.

माझा टँक '७०० वर्षे' स्टेडियममध्ये आहे. राजा मंगरायने चियांग माई वसवलं 1296 मध्ये, आणि सातशेव्या वर्षाच्या तोंडावर हे संकुल बांधलं गेलं. 1995 च्या डिसेंबरमध्ये इथे दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धा झाल्या. देशाच्या राजधानीबाहेर त्या स्पर्धा भरण्याची ती पहिलीच वेळ. संकुल शहराच्या वायव्येला, मे रिमकडे जाणाऱ्या कालव्याच्या रस्त्यावर आहे. निम्मान या शहरातल्या भागातून स्कूटरने मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. लाल सोंगथैववाले, म्हणजे मागे बाकं टाकलेल्या सामायिक गाड्यांचे चालक, ठरलेल्या भाड्यात एवढ्या लांब सहसा येत नाहीत, आधी घासाघीस करावी लागते. येताना तर तिथे उभं राहून गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. स्कूटर नसेल तर ॲपवरून गाडी मागवा आणि हा खर्च हिशेबात धरा, नाहीतर स्वस्त टँक महाग पडेल.

टँक उघड्यावर आहे. पन्नास मीटर, सरळ, रांगा आखलेल्या. शेजारी उंचावरून सूर मारण्यासाठी वेगळा खोल तलाव. पश्चिमेला दोई सुतेपचा डोंगर. पहिल्या दिवशी मी काठावर उभी राहिले आणि समोरची भिंत इतकी लांब दिसली की पोटात गोळा आला. मग उतरले. मधोमध पोचल्यावर पाठीवर वळून पाहिलं, तर वर फक्त आभाळ, कडेला डोंगर. विहिरीतून वर पाहिलं की आभाळाचा गोल तुकडा दिसायचा. इथे ते अख्खं होतं.

तिकिटाचं सांगते. थाई माणसाला एक दर आणि परदेशी माणसाला जास्त दर, असं बऱ्याच सरकारी जागांवर असतं. कुठे कुठे थाई लोकांचा दर थाई आकड्यांत लिहिलेला असतो. ते आकडे आपल्या आकड्यांचे लांबचे भाऊबंद आहेत, शून्य तर तंतोतंत आपलं. 'तांग छात' हा शब्द ऐकलात की परदेशी माणसाचा दर समजा, त्यातला 'छात' म्हणजे आपली 'जाती'च. इथे नोकरी करणाऱ्यांनी वर्क परमिट किंवा थाई वाहन परवाना दाखवून थाई दर मागून बघायला हरकत नाही. काही जागी देतात, काही जागी नाही. हसून विचारायचं, नाही म्हटले तर तितकंच हसून पैसे द्यायचे, वाद घालायचा नाही. मी जास्तीचा दर भरलाय तेव्हाही एका वेळेला शंभर बाथ कधी लागले नाहीत, म्हणजे हॉटेलच्या पावपटीपेक्षा कमी. दर बदलतात, म्हणून नेमका आकडा खिडकीवर बघा, आणि सुटे पैसे न्या.

आणि त्या पैशांत वेळेचं बंधन नाही. पुण्यात शिकत होते तेव्हा मी टँकला जायचे, तिथल्या बॅचची सवय होती. पाऊण तास झाला की शिट्टी, सगळे बाहेर, पुढची बॅच आत. बायकांची बॅच वेगळी, तीही दुपारच्या नको त्या वेळेला. इथे बायकांची वेगळी बॅच नाही. सुरुवातीला त्याचाच संकोच वाटला होता, दोन आठवड्यांत गेला, कारण कुणी कुणाकडे बघत नाही. मला आजवर शिट्टी वाजवून बाहेर काढलं ते फक्त ढग गडगडले तेव्हा. मे ते ऑक्टोबर हे पावसाचे महिने, दुपारनंतर वीज कडाडली की पाण्यातून निघावंच लागतं आणि ते बरोबरच आहे.

पोशाखाबद्दल आपल्या बायका मला हमखास विचारतात, म्हणून जरा सविस्तर. अंगभर कपडे चालतात, मात्र ते पोहण्याच्या कापडाचे हवेत. सुती टी-शर्ट, लेगिंग्ज, ओढणी चालत नाही. मी पूर्ण बाह्यांचा आणि गुडघ्याखाली येणारा पोशाख घालते आणि त्यात मी मुळीच वेगळी दिसत नाही. काळवंडायला नको म्हणून कित्येक थाई बायका मनगटापर्यंत झाकलेल्या असतात. मोठ्या मॉलमधल्या खेळसाहित्याच्या दुकानांत असे पोशाख सहज मिळतात. टोपी सगळ्यांना सक्तीची, टक्कल असलं तरी. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायचा. पायातलं बाहेर ठेवायचं. हे नियम इथले लोक मनापासून पाळतात.

गर्दीची वेळ म्हणजे शाळा सुटल्यावर. प्रशिक्षक काठावरून चालत असतात आणि आठ-दहा वर्षांची पोरं रांगाच्या रांगा अडवून सराव करत असतात. त्या वेळी तुम्हाला कडेची एखादी रांग मिळेल, ती तिघा-चौघांत वाटून घ्यावी लागेल. मला त्याची तक्रार करावीशी वाटत नाही. टँक आधी त्यांचा आहे. त्या पोरांना एका दमात पन्नास मीटर जाताना पाहून माझा स्वतःचा दम वाढला. पण निवांत पोहायचं असेल तर सुटीच्या दिवशी सकाळी जा. ऊन चढलं की पाण्यावर सावली नसते, खांद्यांना क्रीम लावल्याशिवाय उतरू नका. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, अगदी गार. रात्री तापमान पंधरा अंशांपर्यंत उतरतं आणि उघड्यावरचं पाणी ते धरून ठेवतं. त्या दोन महिन्यांत मी दुपारी जाते, पहिल्या दोन फेऱ्या दात वाजतात, तिसरीला अंग तापतं.

स्टेडियम लांब पडत असेल तर चियांग माई विद्यापीठाचा रुचिरावोंग टँक शहराला जवळ आहे. तोही पन्नास मीटरचा आणि बाहेरच्यांना पैसे भरून जाता येतं. तिथे वातावरण विद्यार्थ्यांचं, झाडी जास्त. पोहून झाल्यावर तिथल्या आंग कैव तळ्याभोवती चक्कर मारता येते. गुडघा बरा असलेल्या दिवशी मी तिकडे जाते. तरी माझं मत विचाराल तर डोंगर आणि मोकळेपणा यासाठी स्टेडियमच. कुठेही जाणार असाल तरी थाई सण, परीक्षा आणि शाळांच्या स्पर्धा यांच्या तारखा बघून निघा, आणि साफसफाईसाठी आठवड्यातला एखादा दिवस बंद असतो का ते फोन करून विचारा. 'पेर्त' म्हणजे उघडं, 'पित' म्हणजे बंद. एवढ्या दोन शब्दांवर फोन निभावतो.

बँकॉकमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात. लुंपिनी आणि बेंचासिरी या दोन्ही बागांत महापालिकेचे टँक आहेत, आणि दिन दैंगला थाई-जपान युवा केंद्रात आहे. नॅशनल स्टेडियमपर्यंत तर बीटीएस, म्हणजे शहरातली उंचावरून धावणारी रेल्वेच जाते. अशा ठिकाणी सभासद कार्ड काढावं लागू शकतं, म्हणून पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो पिशवीत ठेवा. रांगसितला थम्मासात विद्यापीठाच्या ज्या टँकमध्ये 1998 च्या आशियाई स्पर्धा झाल्या तो बघायची माझी इच्छा अजून राहिली आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडमध्ये शेतं आणि जंगलं जळतात आणि धूर या खोऱ्यात साठून राहतो. दोई सुतेप शहरातून दिसेनासा होतो. पोहताना आपण खोल श्वास घेतो, तोही पाण्यालगतच्या हवेचा. पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हतं, मार्चभर पोहले आणि एप्रिलमध्ये तीन आठवडे खोकले. आता रोज सकाळी पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा आकडा बघते. थायलंडने 2023 मध्ये चोवीस तासांची मर्यादा 50 वरून 37.5 वर आणली, मी तीच माझी मर्यादा धरली आहे. आकडा वर असेल तर पोशाख पिशवीतच राहतो. म्हणून वर्षभराचे पैसे आधी भरायचा विचार असेल तर हे महिने वजा करून हिशेब करा. मी एकेका वेळेचं तिकीटच काढते.

गेल्या नोव्हेंबरात आई आली होती. अडुसष्ट वर्षांची, आयुष्यात विहीर आणि कृष्णा सोडून कशात उतरली नव्हती, तीही लग्नाआधी. मी तिला नुसती बसायला म्हणून नेलं. तासभर ती पायऱ्यांवर बसून पोरांना बघत होती. परत येताना बाजारातून उकडलेल्या शेंगा घेतल्या, थाई लोक आपल्यासारख्याच मीठ घालून उकडतात. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "पानी लई निवळ हाय गं. तळ दिसतोय." मग बराच वेळ गप्प. "त्ये कापडं माझ्या मापाचं मिळतंय का?"

दुसऱ्या दिवशी मिळालं. निळी टोपी तिच्या अंबाड्यावर बसेना, म्हणून आम्ही वेणी घालून ती आत दुमडली. खिडकीवरच्या बाईने तिचे पैसे घेतले आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. आईनेही केला. शिडी धरून ती हळूहळू उतरली, गळ्याइतक्या पाण्यात थांबली, काठ सोडला, आणि डोकं वर धरून, विहिरीत पोहतात तशी, पाय हाणत निघाली. मी शेजारच्या रांगेत तिच्या बरोबरीने राहिले. पंचवीस मीटरवर तिने दोरी धरली, दम घेतला आणि विचारलं, "अजून किती हाय?"

"इतकंच," मी म्हटलं.

"मग चल की."