एटीपी सिंथेजचं हाताने फिरवायचं मॉडेल: तीन महिने वर्गात वापरल्यावर

लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन तरुण मुलं थ्रीडी प्रिंटिंगचं काम करतात. गाळ्यावर पाटी नाही, त्यामुळे नाव देता येत नाही. बिल्डरांना इमारतींच्या प्रतिकृती आणि दातांच्या डॉक्टरांना जबड्याचे साचे करून देणं हा त्यांचा धंदा. शाळा-क्लाससाठी मॉडेल्स ती हौसेने करतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पत्ता दिला आणि जूनमध्ये मी तिथून ३,२०० रुपयांना एटीपी सिंथेजचं मॉडेल घेतलं. एटीपी म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू, आणि सिंथेज म्हणजे तो बनवणारं पेशीतलं यंत्र. तीन महिने झाले, दोन बॅचेसच्या हातांखालून गेलं, आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

मी लालबागला चाळीत राहते. बाहेरच्या खोलीत अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, त्याला २२ वर्षं झाली. श्वसनाचा धडा आला की दरवर्षी मुलं एक वाक्य लिहितात: एटीपीचा बंध तुटला की त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते. या वाक्याला मार्कही मिळतात, पण ते चूक आहे. कुठलाही बंध तोडायचा तर ऊर्जा द्यावी लागते. एटीपीच्या बाबतीत पाण्याशी अभिक्रिया होऊन एडीपी (म्हणजे एक फॉस्फेट कमी झालेलं एटीपी) आणि फॉस्फेट वेगळे होतात, ते आधीपेक्षा जास्त स्थिर असतात, म्हणून हिशेबात ऊर्जा मिळते. त्यातही ती इतकी मिळते, कारण जिवंत पेशी एटीपीचं प्रमाण समतोलापासून फार लांब, वर उचलून धरून ठेवते. हे फळ्यावर लिहून मी थकले होते. मुलं मान डोलवायची आणि पेपरात तेच वाक्य उतरवायची.

मॉडेल साधारण ३४ सेंटिमीटर उंच आहे. खाली जाड अॅक्रिलिकचा तुकडा, ते पटल. त्यात आठ तुकड्यांचं एक कडं बसवलंय आणि कडेला फिरवायची मूठ आहे. कड्याच्या मधून एक दांडा वर जातो. हा दांडा सरळ नाही, जरा वाकडा आहे, आणि सगळी गंमत त्या वाकडेपणात आहे. दांड्याच्या डोक्यावर सोललेल्या मोसंब्यासारखा सहा फोडींचा गोळा: तीन पिवळ्या, तीन केशरी, एकाआड एक. मूठ फिरली की कडं फिरतं, कड्याबरोबर दांडा फिरतो, पण फोडी जागच्या जागी राहतात. वाकडा दांडा आतून एकेका केशरी फोडीला ढकलत जातो. एक फोड उघडी, दुसरी सैल, तिसरी घट्ट. एक तृतीयांश फेरा झाला की त्यांची पाळी बदलते.

एडीपीचा निळा मणी आणि फॉस्फेटचा पांढरा मणी उघड्या फोडीत टाकायचा. दोन्हींत बारीक लोहचुंबक आहे. फोड घट्ट झाली की मणी आपोआप एकमेकांना चिकटतात आणि ‘टक्’ असा आवाज येतो. त्या वेळी मुठीला काहीच जोर लागत नाही. जोर लागतो तो पुढे, फोड उघडून तयार एटीपी बाहेर टाकताना. मूठ हाताला जड लागते, मग मणी खालच्या वाटीत पडतो. एका फेऱ्यात असं तीनदा.

मॉडेलला पैकीच्या पैकी मार्क द्यावेत ती ही जागा. पॉल बॉयर यांनी नेमकं हेच मांडलं होतं: एन्झाइमच्या घट्ट खोबणीत एटीपी बनायला फारशी ऊर्जा लागत नाही, ऊर्जा लागते ती बनलेलं एटीपी सोडवून घ्यायला. जॉन वॉकर यांच्या गटाने १९९४ मध्ये या गोळ्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तेव्हा तिन्ही केशरी फोडी खरोखरच तीन वेगळ्या अवस्थांत दिसल्या. १९९७ मध्ये दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी दांड्याला अॅक्टिन या प्रथिनाचा चमकणारा धागा चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना दाखवला. खऱ्या पेशीत हे कडं सेकंदाला शंभरावर फेरे मारू शकतं. मुलं मूठ जोरात फिरवून बघतात, चार-पाचच्या वर जात नाहीत.

आता एक सूचना. मॉडेल टेबलावर ठेवलं तर गोळा वर येतो. मी ते उलटं करून छताच्या हुकाला टांगलंय, कारण मला गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण द्यायचं असतं. आमच्याकडे पहाटे पाणी येतं, खालच्या टाकीत जमा होतं आणि पंप ते गच्चीवर चढवतो. चाळीतल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. तंतुकणिकेतला (म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला, पेशीत एटीपी बनतं त्या भागातला) पंप चालतो अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांवर. ते शेवटी ऑक्सिजनकडे जातात आणि जाता जाता प्रोटॉनना आतल्या पटलाच्या पलीकडे ढकलतात. पटलाच्या दोन बाजूंत साधारण १५० ते १८० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो. ही झाली भरलेली टाकी. प्रोटॉन परत आत यायला वाट शोधतात, ती या कड्यातून मिळते, आणि कडं फिरतं. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं तेव्हा बहुतेकांना पटलं नव्हतं. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ‘उंचीवरचं पाणी’ एकदा डोक्यात बसलं की ‘बंधात साठलेली ऊर्जा’ आपोआप सुटते. या वर्षीच्या पहिल्या चाचणीत २३ पैकी १७ मुलांनी ते जुनं वाक्य लिहिलं नाही. २२ वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

आता तक्रारी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘पेशीतला ऊर्जेचा साठा’ असं छापलंय. हा साठा नव्हे. शरीरात एका वेळी एटीपी असतं मूठभर, आणि दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतकं बनतं आणि मोडतं. साठा म्हणजे यकृतातलं शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, स्नायूंमधलं त्याच्या तीन-चार पट, आणि चरबी. ग्लायकोजेन स्वतःबरोबर तिपटीच्या आसपास पाणी बाळगतं, चरबी कोरडी आणि ग्रॅमला ९ किलोकॅलरी देणारी, म्हणून लांबच्या बेगमीला शरीर चरबी ठेवतं. आत दिलेल्या माहितीपत्रकात एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी असा जुना आकडा आहे. आता ३० ते ३२ धरतात. आणि एटीपीच्या शोधापुढे फक्त कार्ल लोमान यांचं नाव. त्याच १९२९ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही एटीपी शोधलं होतं, ते मुंबईत छापलेल्या कागदावर नसावं याचं मला वाईट वाटलं. मी तिन्ही दुरुस्त्या लिहून पाठवल्या. नवीन पत्रक आलं, खोकं मात्र जुनंच आहे.

दुसरी उणीव मोठी आहे. प्रोटॉनची वाट मॉडेलमध्ये दाखवलेलीच नाही. हात कड्याला सरळ फिरवतो. म्हणजे प्रोटॉनचं काम आपणच करतो. मी उपाय काढलाय: एक मूल मूठ फिरवतं, दुसरं कड्याचा एकेक तुकडा पुढे सरकला की वरच्या वाटीतला एक वाटाणा खालच्या वाटीत टाकतं. आठ वाटाणे, तीन एटीपी. मग मी पालकाच्या भाजीतल्या हरितलवकाचं (पानातल्या हिरव्या कणाचं) कडं लावते. ते वेगळं ४५० रुपयांना मिळतं आणि त्यात १४ तुकडे आहेत. चौदा वाटाणे, एटीपी तेवढेच तीन. ‘बाई, हे गिअरच्या सायकलसारखं आहे,’ असं एक मुलगा म्हणाला. आहेच. हे जास्तीचं कडं जरूर घ्या.

पांढरे मणी फार लहान आहेत, तीन हरवले. फॉस्फेट लादीवर शोधत बसण्यात तास जातो.

खटक्याचं सविस्तर सांगायला हवं. मूठ उलटी फिरू नये म्हणून आत खटका बसवलेला होता. वर्गात एक मुलगी आहे, वडील बेस्टमध्ये कंडक्टर. मार्चमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला होता, आता बरे आहेत. तिने मूठ उलटी फिरवून पाहिली, ती अडली. तिने विचारलं, ‘बाई, पेशीत पण हे उलटं फिरतच नाही का?’

फिरतं, आणि तिला ते सांगायलाच हवं होतं. हृदयाच्या स्नायूपेशीत जवळपास तिसरा हिस्सा जागा तंतुकणिकांनीच भरलेली असते. (बांगडा साफ करताना कातडीखाली, कुशीच्या मध्यावर काळपट पट्टा दिसतो, तोही असाच तंतुकणिकांनी भरलेला स्नायू, न थकता पोहायला तो लागतो.) रक्तवाहिनी बंद झाली की ऑक्सिजन नाही, ऑक्सिजन नाही म्हणून पंप बंद, टाकी उतरते. मग हेच यंत्र उलटं फिरून पंप होतं आणि टाकी भरायला शिल्लक एटीपी जाळू लागतं. पेशीकडे त्यावर उपाय आहे: आतली आम्लता वाढली की एक छोटं प्रथिन येऊन पाचरीसारखं गोळ्यात बसतं आणि उलटा फेरा अडवतं. त्याने वेळ मिळतो, पण थोडाच. साधारण २० ते ४० मिनिटांनंतर स्नायूपेशी कायमच्या मरायला लागतात.

मी शनिवारी मॉडेल पिशवीत घालून गाळ्यावर गेले. त्या मुलाला म्हटलं, खटका काढ. तो म्हणाला, ‘मॅडम, पण उलटं फिरवलं तर मणी आत जाऊन फुटतील.’ म्हटलं, तेच मला दाखवायचंय; एटीपी आत गेलं पाहिजे आणि एडीपी-फॉस्फेट सुटून बाहेर आलं पाहिजे. त्याने दहा मिनिटं माझं सगळं ऐकून घेतलं, मग स्क्रू काढायला बसला. अर्ध्या तासात खटका निघाला. पुढच्या आठवड्यात त्याने आपणहून लाल रंगाची बोटाएवढी पाचर प्रिंट करून पाठवली, फोडींच्या फटीत काढता-घालता येणारी. पैसे घेतले नाहीत.

सोमवारी त्या मुलीने मूठ उलटी फिरवली. खालच्या वाटीतले एटीपी एकेक करून संपत गेले, तिने मोजले, बारा होते. नवव्या मण्याला तिने पाचर लावली. तीन मणी वाटीत राहिले.

आता ते हे मॉडेल खटक्याशिवाय आणि पाचरीसकट विकतात, किंमत तीच. मागताना मोठे मणी हवेत असं सांगा, ते करून देतात. ऑर्डर दिल्यापासून दहा-बारा दिवस लागतात.