‘द हायडिंग प्लेस’: अश्रद्ध वाचकाने काही महिने जवळ ठेवल्यानंतर

दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये कॉरी टेन बूमच्या ख्रिस्ती कुटुंबाने ज्यूंना घरात लपवलं आणि त्यापायी कैद भोगली, त्याच्या या आठवणी. तिचं हे पुस्तक श्रद्धाळू वाचक डोळे पुसत संपवतो आणि नास्तिक वाचक पिसवांच्या प्रसंगाशी येऊन मिटून ठेवतो. काही महिने मागेपुढे करत, इतर नोंदींशी ताडून वाचलं की दोघांचीही घाई झाली असं वाटतं. यातल्या घटनांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. त्या घटनांचा जो अर्थ लावला आहे त्यावर मात्र तेवढा ठेवता येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करणं फारसं अवघड नाही, कारण लेखिकेने अनेक ठिकाणी त्या वेगळ्याच ठेवल्या आहेत.

आधी पुस्तक कसं तयार झालं ते पाहावं. हारलेममधल्या या घड्याळजी कुटुंबाला 28 फेब्रुवारी 1944 ला अटक झाली. पुस्तक 1971 मध्ये आलं, तेही जॉन आणि एलिझाबेथ शेरिल या अमेरिकन लेखक-दांपत्याच्या हातून, इंग्रजीत. मधल्या काळात कॉरी देशोदेशी फिरून हीच हकीकत व्यासपीठावरून सांगत होती. शेकडो वेळा सांगितलेली गोष्ट गुळगुळीत होतेच: संवाद नेमके होतात, योगायोग जवळ सरकतात, प्रकरणाच्या शेवटी बोध येऊन बसतो. हे खोटं बोलणं नव्हे, पण अवतरणचिन्हांतली वाक्यं शब्दशः धरू नयेत. युद्धानंतर लगेच तिने डच भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, आणि 1944 च्या कैदेतली पत्रंही पुढे प्रसिद्ध झाली. जिथे शंका येईल तिथे आधी त्यांच्याकडे वळावं.

वाचताना पेन्सिलीने समासात तीन खुणा कराव्यात: तिने स्वतः पाहिलेलं, नंतर कुणाकडून तरी कळलेलं, आणि त्याचा लावलेला अर्थ. सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या खुणेत आहे. ठळक उदाहरण सुटकेचं. डिसेंबर 1944 च्या अखेरीस कॉरी राव्हेन्सब्र्युक या नाझींच्या स्त्रियांच्या छळछावणीतून सुटली, ही घटना पक्की. पण ही सुटका कारकुनी चुकीमुळे झाली आणि आठवड्याभरात तिच्या वयाच्या सगळ्या बायकांना गॅस चेंबरमध्ये नेलं, हे तिला 1959 मध्ये तिथे परत गेल्यावर कळलेलं आहे. त्या छावणीतलं गॅस चेंबर 1945 च्या सुरुवातीला उभं राहिलं आणि वयस्क, आजारी बायकांना वेगळं काढणंही त्याच काळात वाढलं. म्हणजे धोका खराच होता, ‘एक आठवडा’ आणि ‘सगळ्या’ हे शब्द मात्र सैल आहेत. पुस्तकात तिथेच छावणीतल्या मृत स्त्रियांचा आकडा 96,000 दिला आहे. आजचे इतिहासकार तो निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी धरतात. आकडा चुकला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. ज्या काळात लिहिलं त्या काळात तोच सांगितला जात होता.

आता पिसवा. बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता म्हणून पहारेकरणी आत येत नसत, आणि म्हणून चोरून बायबल वाचणं जमलं. बहीण बेट्सी पिसवांसाठीही देवाचे आभार मानायला लावते आणि कारण नंतर उलगडतं. यातला कार्यकारणभाव अगदी साधा आहे, त्याला चमत्कार लागतच नाही. व्हिटॅमिनच्या बाटलीचं तसं नाही. छोट्या बाटलीतले थेंब रोज अनेक आजारी बायकांना वाटले जातात, तरी संपत नाहीत. दुसरीकडून व्हिटॅमिन मिळतात त्याच रात्री बाटली रिकामी होते. इथे मोजमाप नाही: बाटली किती मिलीलिटरची, रोज किती थेंब, किती दिवस, काहीच नाही. उपाशी, आजारी माणसाची दिवसांची मोजदाद भरवशाची नसते. इथे ‘ठरवता येत नाही’ अशी नोंद करून पुढे जावं. या एका पानावर पुस्तकाचा निकाल लावणारे दोन्ही बाजूंनी वेळ घालवतात.

खरी कसोटी नोलीच्या प्रसंगात आहे आणि त्याकडे चमत्काराइतकं लक्ष जात नाही. खोटं बोलायचंच नाही या तत्त्वाने कॉरीची ही दुसरी बहीण आपल्या घरात लपवलेली तरुणी ज्यू असल्याचं पोलिसांना सांगून टाकते. तरुणी पकडली जाते, पण ॲमस्टरडॅमच्या नाट्यगृहातून, जिथे पकडलेल्या ज्यूंना ठेवत, तिला इतरांबरोबर भूमिगत लोक सोडवतात. पुस्तकात ही नोलीच्या विश्वासाची पावती ठरते. नेदरलँड्समधल्या साधारण 1,40,000 ज्यूंपैकी तीन चतुर्थांश मारले गेले, हे लक्षात ठेवून हे पान वाचावं म्हणजे पावतीची किंमत कळते. गंमत अशी की त्याच कुटुंबात कॉरी चोरीची रेशनकार्डं मिळवते, निरोपांसाठी घड्याळांच्या दुरुस्तीची सांकेतिक भाषा वापरते, आणि सगळ्यांना खोटं बोलण्याची तालीम देते. पुस्तक हा विरोध मिटवत नाही, आणि म्हणूनच ते विश्वसनीय वाटतं.

चर्चलाही सवलत नाही. एका ज्यू बाळाला आसरा द्यायला पाद्री भीतीने नकार देतो, तेव्हा कॉरीचे ऐंशी ओलांडलेले वडील कॅस्पर ते बाळ हातात घेतात. शेवटचा म्युनिकचा प्रसंगही असाच: राव्हेन्सब्र्युकचा माजी पहारेकरी क्षमा मागत हात पुढे करतो आणि कॉरीचा हात उचलत नाही. पुढे जे होतं त्याला ती देवाची कृती म्हणते. ते मान्य नसलं तरी आधीचा न उचलणारा हात कुणी बोधकथेसाठी रचला असेल असं वाटत नाही.

वस्तू आणि कामं यांचं वर्णन जिथे आहे तिथे पुस्तक सर्वात भक्कम आहे. कॉरीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत खोटी भिंत विटांची बांधली, कारण लाकडाची असती तर ठोकल्यावर पोकळ वाजली असती. आत जायला कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी सरकती फळी. धाडीच्या दिवशी तिथे चार ज्यू आणि दोन भूमिगत कार्यकर्ते जवळपास दोन दिवस राहिले आणि सापडले नाहीत. घर आज संग्रहालय आहे, त्यामुळे हा भाग तपासता येतो.

मोठी उणीव मात्र लपलेल्या माणसांची. त्यांच्या सवयी, खोड्या, विनोद येतात, पण छळाबद्दलचा त्यांचा स्वतःचा विचार, त्यांचा स्वतःचा देव क्वचितच ऐकू येतो. ते बहुतेक या ख्रिस्ती कुटुंबाच्या परीक्षेचं निमित्त बनून उरतात. सोबत एखाद्या डच ज्यू माणसाची त्याच काळातली डायरी किंवा आठवणी वाचाव्यात, शक्यतो या पुस्तकाच्या आधी.

सुरुवातीची कौटुंबिक प्रकरणं संथ आहेत, पण गाळू नयेत. दुकानाचा दिनक्रम कळल्याशिवाय पुढची सांकेतिक भाषा आणि घर सुरक्षित असल्याचं सांगणारी खिडकीतल्या ‘अल्पिना’ घड्याळांच्या पाटीची खूण कळत नाही. राव्हेन्सब्र्युकचा भाग एका बैठकीत वाचू नये, तिथे खुणा करणं सुटतं. शेवटचं ‘त्यानंतर’ हे टिपण सर्वात शेवटी आणि सर्वात संशयाने वाचावं. 96,000 चा आकडा आणि कारकुनी चुकीची गोष्ट तिथेच आहेत.