जीआर86 ला हिवाळी टायर कोणते? ब्लिझॅक एलएम005 चा माझा अनुभव

"हिवाळ्यात स्पोर्ट्स कार कशाला काढतेस, झाकून ठेव," असं ऑफिसातले निम्मे लोक मला सांगतात. झाकून ठेवायला माझ्याकडे गॅरेज नाही, आणि घरातली दुसरी गाडी सकाळी सहाला नवरा घेऊन जातो. त्यामुळे माझी टोयोटा जीआर86 बारा महिने रस्त्यावर असते. जर्मनीत रॉयटलिंगेनहून कामावर, शनिवारी बाजारात, आणि वेळ मिळाला की होनाउचा घाट चढून वर श्वेबिशे आल्बच्या पठारावर. मागच्या चाकांवर चालणारी, सुमारे तेराशे किलोची, जमिनीला टेकलेली गाडी. तिला हिवाळ्यात काय घालायचं, हा प्रश्न मराठी ग्रुपवर दर ऑक्टोबरला कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी घेतले ब्रिजस्टोन ब्लिझॅक एलएम005, माप 215/45 आर17 (215 मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या 45 टक्के, 17 इंची चाकासाठी), 91 व्ही. आजही हेच घेईन.

बर्फ डोळ्यांसमोर ठेवून टायर निवडू नका. स्टुटगार्टच्या आसपास खाली खोऱ्यात बर्फ पडतो, दोन दिवस टिकतो आणि त्याचा चिखल होतो. नोव्हेंबर ते मार्च खरा रस्ता असतो तो ओला, मिठाने माखलेला, शून्य ते आठ अंशांतला, कडेला कुजलेल्या पानांचा थर असलेला. निफाडला पारा 5 अंशांवर उतरला की नाशिकच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. इथे तो चांगल्या दिवसातला दुपारचा आकडा आहे. माझ्या वर्षातले बहुतेक हिवाळी किलोमीटर अशा रस्त्यावर जातात. म्हणून मी सगळ्यात आधी पाहिली ती ओल्या रस्त्यावरची पकड. युरोपियन लेबलवर एलएम005 ला त्यासाठी 'ए', म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी आहे. हिवाळी टायरमध्ये 'बी' आणि 'सी'च जास्त दिसतात, त्यामुळे माझी यादी तिथेच निम्मी झाली.

गाडीबरोबर आलेले 18 इंची उन्हाळी टायर थंडीत का चालत नाहीत, हे समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात. स्पोर्टी उन्हाळी टायरचं रबर उष्णतेसाठी घडवलेलं असतं. तापलं की चिकटतं, गार असताना कडक राहतं. रस्त्याच्या खडबडीतपणात रुतण्याइतकं ते मऊच होत नाही. लोक 7 अंशांची रेघ सांगतात. ती काही लक्ष्मणरेषा नाही, अंदाज आहे. पण टायर जितका स्पोर्टी, तितका हा त्रास लवकर सुरू होतो. हलक्या गाडीत तर आणखी, कारण ऑफिसपर्यंतच्या पंधरा मिनिटांत टायर तापवायला तेवढं वजनच नसतं. तीन अंशांना सकाळी राउंडअबाउटमधून बाहेर पडताना जरा गॅस दिला की मागचं टोक बाजूला सरकतं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडतो. इलेक्ट्रॉनिक्स आहे ती पकड चार चाकांत वाटू शकतं, नसलेली आणणार कुठून? कडाक्याच्या थंडीत असं रबर वाकलं तर त्याला चिरा जातात, म्हणून ट्रॅक-टायर (शर्यतीच्या ट्रॅकसाठीचे) थंडीत हलवूही नका असं उत्पादक स्वतःच बजावतात.

हिवाळी टायरमध्ये रबराच्या मिश्रणात सिलिका भरपूर असते आणि ते गारठ्यातही लवचिक राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. बर्फावर त्यांच्या कडा धरून ठेवतात, ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर त्या फोडतात. पण याच चिरांमुळे ठोकळा लवचिक होतो, आणि स्टिअरिंगची धार जाते. स्पोर्ट्स कारवाल्याला नेमकं हेच खुपतं.

एक इंच खाली उतरायचा सल्ला मी प्रत्येकाला देते. 18 इंचावर 215/40 बसतो, 17 वर 215/45. बाहेरचा घेर जवळजवळ तोच राहतो, पण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, उंच होते. मिठाने आणि गोठण्याने इथे रस्त्यांना मार्चपर्यंत खड्डे पडतात, त्यात अलॉय वाचतो. टायर स्वस्त पडतो, पर्यायही जास्त मिळतात. काही देशांत जीआर86 चं मूळ मॉडेल कारखान्यातूनच 17 इंची चाकांवर येतं, त्यामुळे ब्रेक आत बसतील का ही चिंता नव्हती. तरी गाडीच्या कागदांत कोणती मापं मान्य आहेत आणि अलॉयला तुमच्या गाडीसाठी मंजुरी आहे का, हे आधी पाहा. 5 बाय 100 चा बोल्ट पॅटर्न (100 मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट) हल्ली कमी गाड्यांना असतो; चाक बसलं म्हणजे झालं, असं इथे चालत नाही. आणि रुंद टायर घेण्याचा मोह टाळा. चिखलबर्फात अरुंद टायर खाली रुतून रस्ता गाठतो, रुंद टायर वरच तरंगतो.

91 व्ही मधला 91 हा वजन पेलण्याचा निर्देशांक, आणि 'व्ही' म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंतची परवानगी. गाडीचा कमाल वेग 226 आहे, म्हणून भागलं. 'एच', म्हणजे 210 चा घेतला असता तर जर्मन नियमाप्रमाणे डोळ्यांसमोर वेगमर्यादेचं स्टिकर लावावं लागलं असतं. बेकायदा काही नाही, पण स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर ते स्टिकर मला बघवलं नसतं.

आता चालवताना कसा वाटतो. पावसात, चार अंशांत, उतारावर जोरात ब्रेक मारला तर गाडी सरळ आणि लवकर थांबते. पायाखाली विश्वास वाटतो, आणि माझ्या लेखी पैसे तिथेच वसूल झाले. होनाउच्या घाटात खाली पाऊस आणि वर लिख्टेनश्टाइनच्या किल्ल्यापाशी पांढरा रस्ता, असं एकाच चढात होतं. ओल्यावरून बर्फावर जाताना टायर दचकवत नाही. पकड कमी होते ती हळूहळू, कळत-कळत. मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा टॉर्सन डिफरन्शियल मदत करतो, पण निसरड्यावर तो दोन्ही मागची चाकं एकदमच सोडतो आणि शेपूट बाजूला जातं. दुसऱ्या गिअरमध्ये, गॅसवर अंगठ्याएवढंच वजन ठेवून निघा. ताज्या बर्फात उभी गाडी हलेना तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) तेवढ्यापुरता बंद करा. खोल बर्फात मात्र टायर हरण्याआधी गाडीच हरते: पुढचा बंपर नांगर होतो. त्याला कुठल्याच ब्रँडकडे औषध नाही.

कोरड्या रस्त्यावर, विशेषतः फेब्रुवारीतल्या 14 अंशांच्या उनाड दुपारी, स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करते. उन्हाळी टायरवर ती तुमच्या आधी वळलेली असते. पठारावरच्या रिकाम्या वळणांवर ही मजा गेल्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या कुठल्याही हिवाळी टायरवर हे कमीजास्त होणारच. कोरड्या रस्त्यावरची धारच हवी असेल तर मिशेलिन पायलट अल्पिन 5 कडे बघा, तो रोखच स्पोर्टी गाड्यांवर ठेवून केलेला आहे. मी पावसाला जास्त मार्क दिले, एवढंच.

ऑल-सीझनचा, म्हणजे वर्षभर एकाच टायरचा, प्रश्न येतोच. घरच्या फॅबियाला आम्ही मिशेलिन क्रॉसक्लायमेट 2 लावलेत. त्यावर हिवाळी टायरचं डोंगर-हिमकणाचं चिन्ह आहे, कायद्याला चालतो, आणि शाळा-ऑफिस-दुकान या फेऱ्यांना उत्तम. पण जीआर86 घेऊन वर्षभर ऑल-सीझन फिरवायचे म्हणजे बाराही महिने अर्धीच गाडी चालवायची.

अमेरिका-कॅनडातल्या मंडळींसाठी एक सूचना. तिथे 'ब्लिझॅक' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो डब्ल्यूएस90 सारखा, बर्फाच्या काचेवर चालणारा, फार मऊ टायर. एलएम मालिका मध्य युरोपच्या ओल्या, वेगवान रस्त्यांची आहे. टोरोंटोत जानेवारीभर गोठलेल्या गल्ल्यांत राहत असाल तर माझं हे परीक्षण तुमच्या कामाचं नाही. तसंच खिळ्यांचे टायर फिनलंडमध्ये सर्रास दिसतात म्हणून इथे मागवू नका, जर्मनीत त्यांना बंदी आहे.

कायद्याचं थोडक्यात. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तर हिवाळी टायर सक्तीचा. नसेल तर 60 युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंड-पॉइंट. 1 ऑक्टोबर 2024 पासून नुसतं 'एम+एस' (चिखल-बर्फाचं जुनं चिन्ह) चालत नाही, डोंगर-हिमकणाचं चिन्हच लागतं. सेकंडहँड संच घेणाऱ्यांनी हे नीट पाहावं. नक्षीची कायदेशीर खोली 1.6 मिलिमीटर असली तरी 4 च्या खाली हिवाळी टायर नावापुरताच उरतो. ऑस्ट्रियात तर 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल हिवाळी परिस्थितीत 4 मिलिमीटर ही अटच आहे. स्कीइंगला जाणाऱ्यांनी निघण्याआधी मोजून घ्या.

खर्चाचं बोलायचं तर टायर एकेक दीडशे युरोच्या आत मिळाला. खिसा कापला तो अलॉय आणि हवेच्या दाबाच्या चार सेन्सरांनी. सेन्सर टाळता येत नाहीत, नाहीतर दिवा पेटलेला राहतो. बाबांनी फोनवर विचारलं, "गाडीला चाकं चार, मग तू पैसे आठांचे का देतेस?" त्यांना सांगितलं की चार वापरात असताना उरलेली चार झिजत नाहीत. पटलं नाही.

बसवल्यावर साधारण 50 किलोमीटरनी नट पुन्हा घट्ट करून घ्या. थंडी वाढली की हवा तपासा, 10 अंश उतरले की साधारण 0.1 बार कमी होतो. आणि टायरवाल्याची वेळ सप्टेंबरातच घेऊन ठेवा. अंदाजात पहिला बर्फ दिसला की आमच्या गावात त्यांचा फोन लागत नाही, आणि लागलाच तर तारीख डिसेंबरची मिळते.