गोल्फ रिसॉर्टवर कंपनीची जोडीने सहल: सोलापूरहून जाणाऱ्यांनी पॅकेजमध्ये काय घ्यावे, काय सोडावे

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपनीने कर्मचाऱ्यांना जोडीने दोन रात्री बाहेर न्यायचे ठरवले, की आता हुरडा पार्टी आणि महाबळेश्वरच्या जोडीला गोल्फ रिसॉर्टचेही कोटेशन येते. पुण्याच्या पलीकडच्या अशाच एका रिसॉर्टच्या पॅकेजचा हा रिव्ह्यू आहे. हिशेब तीस जोडप्यांचा, म्हणजे साठ माणसांचा धरला आहे. जागा देखणी आहे, खोल्या स्वच्छ आहेत, मैदानावरची माणसे कामाला चोख आहेत. पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत अशी सेवा. कापलेला दीड गुण जवळजवळ सगळा वेळापत्रकाचा आहे, आणि वेळापत्रक आपल्याला आधीच बदलून घेता येते.

कोटेशनमध्ये सगळ्यात ठळक ओळ असते ती '१८ होलचा राउंड' ही, म्हणजे मैदानावरच्या अठरा भोकांत एकामागून एक बॉल घालत केलेली पूर्ण फेरी. ती सरळ काढून टाका. पूर्ण राउंडला सरावलेल्या खेळाडूंनाही चार ते साडेचार तास लागतात. पहिल्यांदा काठी धरणाऱ्या चौघांना मैदानावर उतरवले, तर नऊ होललाच तीन तास जातात आणि मागच्या गटांची रांग लागते. साठ माणसांत गोल्फ आधी खेळलेले दोन-चार निघतात. बाकीच्यांना हवी असते ती ड्रायव्हिंग रेंज (एका जागी उभे राहून लांब फटक्यांचा सराव करायची जागा), पटिंग ग्रीन (बारीक गवतावर बॉल हलकेच ढकलून भोकात घालायची जागा) आणि शिकवायला माणूस. या रिसॉर्टचे प्रशिक्षक हीच सगळ्यात जमेची बाजू आहे, पण पॅकेजमध्ये त्यांचा वेळ फक्त एक तास धरला होता. साठ जणांना एक तास म्हणजे एकेकाच्या वाट्याला पाच-सहा बॉल आणि एक फोटो.

त्याऐवजी अशी मांडणी मागा. वीस-वीसचे तीन गट करायचे. एक गट रेंजवर, एक पटिंग ग्रीनवर, एक चहा-नाश्ता आणि पायी फेरीला. दर ४५ मिनिटांनी गट बदलायचे. पावणेसातला सुरू केले तर सव्वानऊ-साडेनऊला सगळ्यांचे सगळे होते आणि ऊन डोक्यावर यायच्या आत माणसे सावलीत येतात. रेंजवर दहा जागा असतील तर एका जागेवर एक जोडपे उभे राहते: एकाने मारायचे, दुसऱ्याने मागे थांबायचे. दोघांत मिळून पन्नास बॉलची एक बादली या वेळेत पुरते. प्रशिक्षक मात्र रेंजवर किमान दोन हवेत. एकच असला, तर तो एका टोकाला पकड दाखवत असताना दुसऱ्या टोकाचे लोक क्रिकेटचा पुल मारायला लागतात.

क्रिकेटची सवय इथे खरोखर आड येते. बॉल हलत नसल्यामुळे तो लांब मारणे सोपे वाटते. मग माणूस मूठ आवळतो, पूर्ण ताकदीने काठी फिरवतो आणि बॉल कुठे गेला हे बघायला मान आधीच वर करतो. मान आणि खांदा वर आला की काठीची धार बॉलच्या माथ्याला लागते आणि बॉल दहा पावले घरंगळतो. प्रशिक्षक नेमके हेच दुरुस्त करतात: पकड सैल, डावा हात बऱ्यापैकी सरळ, मारून झाल्यावरही नजर काही क्षण बॉलच्या जागेवर. नवख्याच्या हाती ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, देऊ नये; सात नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ तोंडाची मधली काठी, द्यावी. तिचा दांडा आखूड आणि तोंडाचा उतार जास्त असल्यामुळे बॉल सहज उचलला जातो. चार-पाच बॉल वाया गेल्यावर एखादा नीट बसतो. त्याचा आवाज वेगळाच येतो, हाताला झटका जाणवत नाही, आणि बॉल हवेत चढून दूरच्या पाटीपाशी पडतो. पैसे वसूल होतात ते इथेच.

काठ्यांबद्दल आधी विचारून घ्या. महिलांसाठीच्या काठ्या आखूड, ग्रॅफाइटच्या दांड्याच्या आणि वजनाला हलक्या असतात. इथे त्यांचे सेट अपुरे होते. पुरुषांच्या जड स्टीलच्या काठीने पंधरा-वीस फटक्यांत मनगट दुखू लागते आणि मग बायका बाजूला खुर्च्यांवर जाऊन बसतात. डावखुऱ्यांच्या काठ्याही मोजक्याच असतात, त्यामुळे डावखुरे किती आहेत हे आठवडाभर आधी कळवा. हातमोजा उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हातात लागतो. तो नसेल तर फोड येतात.

कपड्यांवरून गेटवर सर्वाधिक वाद होतात. कॉलरचा टी-शर्ट, साधी पँट, सपाट रबरी तळव्याचे बूट हा नियम बहुतेक गोल्फच्या मैदानांवर असतो. जीन्स, बिनबाह्यांचे बनियन, चपला आणि टाचेचे सँडल चालत नाहीत. टाचेचा नियम उगाच केलेला नाही. ग्रीनवरचे गवत अगदी बारीक कापलेले असते. टाच रुतली की खळगा पडतो आणि पुढच्याचा बॉल त्यात वाकडा जातो. साडी नेसून पटिंग उत्तम जमते, पण रेंजवर पदर आणि लांब मंगळसूत्र काठीच्या फेऱ्यात येते. पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट सगळ्यात सोयीचे. हे निमंत्रणाच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्येच लिहा, मराठीत लिहा, आणि घरच्यांपर्यंत पोहोचेल असे लिहा. इथे रिसॉर्टने इंग्रजी पीडीएफ पाठवली होती. ती ऑफिसच्या ग्रुपवरच राहिली.

पटिंग ग्रीनला कोटेशनमध्ये अर्धी ओळ असते, पण जोडप्यांसाठी खरी मजा तिथेच आहे. ताकद लागत नाही, वयाचा फरक पडत नाही, अकाउंट्समधल्या काकांच्या सौभाग्यवती सेल्स मॅनेजरला सहज हरवू शकतात. भोक १०८ मिलिमीटर व्यासाचे आणि बॉल जेमतेम ४३ मिलिमीटरचा, तरी दहा फुटांवरून तो आत जात नाही, कारण जमिनीचा बारीक उतार डोळ्याला दिसतच नाही. खाली बसून भोकाच्या बाजूने बघितला की थोडा कळतो. जोडीने आलटून-पालटून एकेक फटका मारायचा, सहा भोके, सगळ्यात कमी फटके ते विजेते. स्पर्धा एवढीच ठेवा. ज्यांना मैदानावरच उतरायचे आहे अशा दहा-बाराजणांसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ होलचा स्क्रॅम्बल घ्या: चौघांनी मारायचे, चौघांतला सर्वांत चांगला बॉल निवडायचा, पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच. एका होलवर दहा फटके झाले की बॉल उचलायचा. बगीत, म्हणजे मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीत, दोघेच बसतात, म्हणजे एका चमूला दोन बग्या. त्यांचे भाडे पॅकेजमध्ये आहे की वेगळे, हे लेखी घ्या.

सुरक्षेचे नियम तोंडी सांगून भागत नाही. नवख्याचा बॉल आडवाही जातो आणि त्याचे वजन सुमारे ४६ ग्रॅम असले तरी लागला तर डोळा जाऊ शकतो. धोका सगळ्यात जास्त मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना. चांगला कोन मिळावा म्हणून ते मारणाऱ्याच्या पुढे जातात. रेंजवर मागे पांढरी दोरी लावून घ्या आणि गटात एकाला तेवढेच काम द्या. 'फोर!' (बॉल येतोय, सांभाळा) अशी हाक आली की वर बघायचे नाही, डोके हातांनी झाकून खाली वाकायचे, हेही सर्वांना आधी सांगून ठेवा.

आता जेवण. शाकाहारी काउंटर वेगळा होता, चमचेही वेगळे होते, आणि आपल्याकडच्या लिंगायत व जैन कुटुंबांना ते महत्त्वाचे असते. रात्रीचे जेवण चवीला बरे, तिखटाला अगदी फिके. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर न्यायला परवानगी मागा. कोरडे पदार्थ बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत. मोठी चूक सकाळची. गोल्फ पावणेसातला आणि बुफे साडेसातला उघडणार. उपाशीपोटी, चहाशिवाय साठ माणसे उन्हात उभी केली की चिडचिड होणारच, आणि ज्यांना शुगर आहे त्यांचे हाल वेगळे. सव्वासहाला रिसेप्शनपाशी चहा, बिस्किटे आणि केळी ठेवायला सांगा. खर्च नगण्य आहे. उपवासाचे वार कोणाचे कोणते, हेही यादीत लिहून द्या.

खोल्यांची यादी करताना जोडप्यांना डबल बेड आणि एकेकट्या आलेल्यांना ट्विन बेड असे स्पष्ट लिहा, नाहीतर दोन फोरमनच्या वाट्याला एकच मोठा पलंग येतो. ओळखपत्र प्रत्येकाचे लागते, बहुतेक जण आधार कार्ड देतात, आणि काही वहिनींच्या कार्डावर माहेरचे नाव असते. यादीत तेच नाव द्या. लहान मुलांचे धोरण पहिल्या दिवशीच ठरवा. 'फक्त नवरा-बायको' म्हटले की पाच वर्षांखालची मुले असलेली जोडपी गळतात, आणि तरुण कर्मचारी बहुधा तेच असतात.

प्रवासाचे गणित सोलापूरकरांनी वेगळे मांडायला हवे. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, बसने नाश्त्यासह पाच-सहा तास, आणि हडपसरपासून शहर ओलांडायला वर तास-दीड तास. पहाटे पाचला निघालेली बस बाराच्या सुमारास पोहोचते आणि खोल्या दोनला मिळतात. या दोन तासांसाठी सामान ठेवायला जागा, हात-पाय धुवायला दोन खोल्या आणि लगेच जेवण मागा. थांबा भिगवणच्या अलीकडे-पलीकडे घ्या, पण हॉटेल निवडताना महिलांचे स्वच्छतागृह आधी बघा. मोठी बस डोंगरातल्या शेवटच्या वळणांवर चढते का, हे ड्रायव्हरने रिसॉर्टशी बोलून ठरवावे, रिसॉर्टच्या सेल्समनने नव्हे. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आणि पुण्यातून लहान बस हा पर्याय ज्येष्ठांना जास्त मानवतो.

तारखा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हिरवळ सुंदर दिसते, पण ओल्या गवतावर बगी नेऊ देत नाहीत आणि वीज कडाडली की खेळ थांबवतात. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे तारीख धरू नका. सिद्धेश्वरांची यात्रा सोडून निम्मी माणसे येणार नाहीत. हिवाळ्यात परतताना भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतात, तासभर राखून ठेवा.

भेटवस्तू म्हणून रिसॉर्ट स्वतःचा लोगो छापलेल्या टोप्या महागात विकते. त्यापेक्षा आपल्याच गावातून टेरी टॉवेल करून न्या: ४० बाय ६० सेंटिमीटर, साडेचारशे जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन), वरच्या कडेला आयलेट (धातूची कडी बसवलेले भोक) आणि हुक. वजन सुमारे ११० ग्रॅम. बॅगेला अडकवता येतो, अर्धा ओला करून काठी पुसता येते, अर्ध्याने हात. नव्या टॉवेलला सुरुवातीला पाणी शोषायला वेळ लागतो, म्हणून एकदा धुऊनच वाटा.

पैशाचे शेवटी, कारण तिथेच फसगत होते. खोलीचा दर दिवसाला साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेला की १८ टक्के. त्यामुळे साडेसात हजारांच्या थोड्या वरचा दर आला तर घासाघीस करण्यात मोठा फायदा आहे. दारूचे बिल पूर्ण वेगळे आणि ज्याचे त्याने भरायचे. मोकळ्या लॉनवर स्पीकर रात्री दहानंतर बंद करावा लागतो, म्हणून 'डीजे नाइट'चे तासावारी पैसे देताना सुरुवात किती वाजता ते लिहून घ्या. आणि संख्या कधी पक्की करायची ते बघा: या रिसॉर्टने दहा दिवस आधीची संख्या धरून बिल लावले. आजारपण, घरातले कार्य, ऑर्डरची घाई यांमुळे शेवटच्या आठवड्यात तीन-चार जोडपी गळतातच. दहा टक्के कमी-जास्त चालेल, ही ओळ करारात नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका.